सारा, हाजरा आणि एक परके नाव



रविवारी असरच्या नमाजनंतर लंडनहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्याकडे तेव्हा दुपार असते. मध्यंतरी एका रविवारी लेक दिसायच्या आधी माझा दहा वर्षांचा नातूच समोर आला, काळी-तांबडी टोपी घालून. टोपीवर चाँदतारा. मला वाटले, मदरशात बक्षीस मिळाली असेल. तर म्हणाला, "नाही नानी, ही रग्बीच्या क्लबची. सॅरासन्स!" आणि दम न घेता पुढे, "शाळेत आम्हांला क्रुसेड शिकवतात. त्यात पण सॅरासन्स आहेत. मिस म्हणाल्या, ते मुस्लिम होते. नानी, सॅरासन म्हणजे आपण का?"

"पुढच्या रविवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. हा शब्द मला अगदीच अनोळखी नव्हता. मुंबईत शिकत असताना इमारतींच्या संदर्भात तो कानावर पडला होता, पण तो कोणाचे नाव आहे, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. उत्तर शोधता शोधता चार रविवार गेले. आता ते फोनवर सांगण्याइतके राहिले नाही, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देते.

पहिली गोष्ट ही की, ज्यांना युरोपने हजार-दीड हजार वर्षे सॅरासन म्हटले, त्यांनी स्वतःला कधी या नावाने ओळखले नाही. अरबांना आपापल्या कबिल्यांची नावे तोंडपाठ असतात. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे ते दहा-दहा पिढ्या मागे नेतील. त्या कुठल्याही नसबनाम्यात हे नाव भेटत नाही.

मग ते आले कुठून? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या भूगोलकाराने त्याला माहीत असलेल्या जगाची यादी केली. त्या यादीत सिनाईच्या बाजूला 'साराकेने' नावाचा एक प्रदेश आणि अरबस्तानच्या वायव्येला 'साराकेनोई' नावाचे लोक आहेत. रोमन सरहद्दीलगत तंबू ठोकून राहणारी ही माणसे. पुढे दोनेकशे वर्षांत रोमन मंडळी सगळ्याच वाळवंटी टोळ्यांना हे एक नाव लावू लागली. या लोकांची माविया नावाची एक राणी होती. तिने रोमन फौजेला पुरते जेरीस आणले आणि नंतर आपल्या अटींवर तह केला. इ.स. ३७८ मध्ये गॉथ लोक कॉन्स्टँटिनोपलवर चालून आले, तेव्हा शहराच्या बचावासाठी लढणाऱ्यांत सॅरासन घोडेस्वारांची तुकडी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्माला तेव्हा अजून जवळपास दोनशे वर्षे होती. म्हणजे त्या काळी या शब्दाचा इस्लामशी काडीचाही संबंध नव्हता.

शब्दाच्या मुळाबद्दल पंडितांचे एकमत नाही. कोणी 'शर्क' म्हणजे पूर्व दिशा हे मूळ सांगतात, ज्यावरून आपला मशरिक आला. कोणी 'सारिक' म्हणजे चोर हे सांगतात. सरहद्दीवरून वाळवंटाकडे पाहणाऱ्याला चोरांशिवाय काही दिसले नसेल, तर हेही नवल नाही. मला स्वतःला तिसरे मूळ आवडले. सौदी अरबस्तानच्या वायव्य भागात रुव्वाफा येथे एका जुन्या देवळाचे अवशेष आहेत. त्यावर इ.स. १६० च्या दशकातले ग्रीक आणि नबाती लेख आहेत. नबाती लेखात 'समूदची शिरकत' अशा अर्थाचे शब्द येतात. समूद म्हणजे कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे तेच नाव. शिरकत म्हणजे भागीदारी, जूट. रोमनांच्या पदरी असलेल्या अशा एखाद्या 'शिरकत'वरून सॅरासन शब्द निघाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. आपण दुकानाच्या भागीदारीला शिरकत म्हणतो, लग्नात 'शरीक व्हा' म्हणून पत्रिकेवर छापतो, तोच हा शब्द. सिद्ध झालेले नाही, पण ऐकायला बरे वाटते.

या तिन्हींपेक्षा जे चौथे मूळ सर्वांत जास्त चालले, ते साफ चुकीचे आहे.

चौथ्या-पाचव्या शतकात बेथलेहेममध्ये राहून बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे जेरोम नावाचे ख्रिस्ती धर्मपंडित होते. त्यांनी या शब्दात 'सारा' पाहिली. त्यांचे म्हणणे असे की, हे लोक खरे तर हाजराची लेकरे, म्हणजे दासीची. त्यांना त्याची लाज वाटते, म्हणून स्वतंत्र स्त्री असलेल्या साराचे नाव लावून ते सॅरासन म्हणवतात. जे नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेच नव्हते, ते चोरल्याचा आरोप त्यांच्यावर! पुढे आठव्या शतकात दमिश्कच्या योहान या विद्वानाने याच शब्दाचा दुसरा अर्थ लावला, साराने रिकाम्या हाताने घालवून दिलेले. योहानच्या घराण्याने उमवी खलिफांच्या दिवाणात नोकरी केलेली. त्यांच्या आजूबाजूचे लोक स्वतःला काय म्हणवतात, हे त्यांना नक्कीच ठाऊक होते. पण पुस्तकातला शब्द शेजाऱ्यापेक्षा जवळचा झाला की असे होते.

इथे मी थांबले. चार दिवस पुस्तक उघडले नाही.

बीबी हाजरा यांचे नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते? आपल्या घरांत मुलींची नावे हाजरा ठेवतात. निर्जन खोऱ्यात तान्ह्या इस्माईल (अ.) यांच्यासह मागे राहिलेल्या त्या बाईने हजरत इब्राहीम (अ.) यांना एवढेच विचारले की, हा अल्लाहचा हुकूम आहे का. होय म्हटल्यावर ती निर्धास्त झाली. मशकीतले पाणी संपले तेव्हा ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. हे आपण पाळण्यातल्या लेकरांना सांगतो. हजला गेले तेव्हा माझे गुडघे दुखत होते. सईच्या तिसऱ्या फेरीत मी भिंतीला टेकले आणि माझ्या बाजूने राजे, व्यापारी, प्राध्यापक, हमाल, सगळे त्या एका बाईच्या वाटेने जाताना पाहिले. दासी म्हणून जिला हिणवले, तिची धाव हा हजचा भाग आहे. (एक गंमत तेव्हाच मनात आली होती. धावली ती बाई. आज हिरव्या दिव्यांच्या मधल्या टप्प्यात धावतात ते पुरुष, आणि आम्ही बायका चालतो. असो.)

आणि बीबी सारा काय परक्या? हजरत इसहाक (अ.) यांच्या त्या आई. दुरूद-ए-इब्राहीम पढताना आपण हजरत इब्राहीम (अ.) आणि त्यांच्या सगळ्या घराण्यासाठी रहमत मागतो. त्यात एकीची लेकरे आत आणि दुसरीची बाहेर असे करत नाही. दोन सवतींचे भांडण आपल्या नावावर लिहून ठेवले ते दुसऱ्यांनीच.

या चुकीला आक्षेप घेणारा एक माणूस मला सापडला, आणि तो चक्क रूमचा बादशहा निघाला. दहाव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल मसऊदी आपल्या शेवटच्या ग्रंथात, 'अत्तंबीह वल इश्राफ'मध्ये, सांगतो की, बायझंटाइन बादशहा नायसिफोरस याने आपल्या लोकांना अरबांना सॅरासन म्हणण्यास मनाई केली. रूमी लोक त्या शब्दाचा अर्थ 'साराचे गुलाम' असा करत आणि त्यातून हाजरा व इस्माईल (अ.) यांना कमी लेखत. बादशहाने ते खोटे ठरवले. हा बादशहा इ.स. ८०२ ते ८११ गादीवर होता. हारून अल रशीदला खंडणी नाकारून त्याच्याशी लढाया करणारा तोच, अरबी ग्रंथांतला नक्फूर. दोस्त वगैरे मुळीच नव्हता. त्याचे पूर्वज गस्सान या अरब घराण्यातले होते, असे अरबी इतिहासात म्हटले आहे. त्यामुळे त्याला ते नाव टोचले असेल. मसऊदी पुढे एका ओळीत हेही नोंदवतो की, रूमी लोक अजून तेच म्हणतात. बादशहाचा हुकूम जिभेपर्यंत पोहोचला नाही.

हा मसऊदी आपल्या कोकणात येऊन गेलेला आहे, हे वाचकांतल्या चौलकरांना, अलिबागकरांना सांगायलाच हवे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आता गंमत पाहा. भूमध्य समुद्राच्या पलीकडे ज्यांना सॅरासन म्हणत, त्यांना त्याच काळात आपल्याकडे काय म्हणत होते? 'ताजिक'.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी येथे राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले आहेत. त्यांतला एक शके ८४८ चा, इ.स. ९२६ चा, म्हणजे मसऊदी येऊन गेल्यानंतर दहाच वर्षांचा. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाने एका ताजिक अधिकाऱ्याकडे सोपवल्याचे त्यात आहे. त्याचे नाव मधुमती. अभ्यासकांच्या मते हे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्याने नदी ओलांडणाऱ्यांसाठी फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि तिथल्या देवीच्या मठिकेला जमीन लावून दिली. मुहम्मदचा मधुमती झाला, आणि त्यात कोणाचा अपमान झाल्यासारखे त्या ताम्रपटावरून तरी वाटत नाही.

ताजिक हे नावसुद्धा सॅरासनसारखेच घडलेले आहे. उत्तर अरबस्तानात तय्य नावाचा एक कबिला होता. दानशूर हातिमताईच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत ना, तो याच तय्य कबिल्यातला, म्हणून 'ताई'. इराणच्या बाजूला सर्वांत आधी हेच लोक भेटले, म्हणून इराण्यांनी सगळ्याच अरबांना ताजी, ताजिक म्हटले. ते नाव समुद्रमार्गे आपल्या ताम्रपटात उतरले. जो पहिला दिसला त्याचे नाव सगळ्यांना. यात कपट नसते, आळस असतो. पण इकडे आळस तेवढ्यावरच थांबला. युरोपात त्याला पुढे दात आले.

मध्ययुगात सॅरासन म्हणजे अरब हा अर्थ मागे पडला आणि सॅरासन म्हणजे मुसलमान हा अर्थ आला. मुस्लिम आणि इस्लाम हे शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात येऊ लागले. तोपर्यंत आपल्या दीनला तिकडे 'सॅरासनांचा कायदा' म्हणत. इ.स. ११०० च्या सुमाराच्या 'रोलाँचे गीत' या फ्रेंच काव्यात सॅरासन तीन मूर्तींची पूजा करतात. त्यांतल्या एका मूर्तीला आपल्या प्रेषितांच्या (स.) नावाचे विकृत रूप दिलेले आहे आणि दुसरा आहे ग्रीकांचा अपोलो. मूर्तिपूजा सोडा म्हणून ज्यांनी छळ सोसला, त्यांचीच मूर्ती! बरे, ज्या लढाईवर हे काव्य आहे ती इ.स. ७७८ ची. शार्लमेन स्पेनमधल्याच काही मुस्लिम सरदारांच्या बोलावण्यावरून तिकडे गेला होता. परतताना डोंगराच्या खिंडीत त्याच्या पिछाडीवर हल्ला केला तो बास्क लोकांनी. सॅरासन तिथे नव्हतेच. तीनशे वर्षांनी काव्य लिहिताना बास्क गेले आणि सॅरासन आले.

इथपर्यंत वाचून हसू येते. पण नाव कागदावर, कायद्यात गेले की हसण्यासारखे राहत नाही. इ.स. १२१५ मध्ये रोमला पोपने भरवलेल्या धर्मपरिषदेने ठराव केला की, ख्रिस्ती मुलखांत राहणाऱ्या ज्यू आणि सॅरासन लोकांनी वेगळा पोशाख घालावा, म्हणजे ते ओळखू येतील. त्यानंतर थोड्याच वर्षांत सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीतल्या मुसलमानांना घरादारांतून उठवून दक्षिण इटलीतल्या लुचेरा या गावी वसवले. ती पिढ्यान्‌पिढ्या सिसिलीत राहिलेली माणसे. लुचेरात त्यांनी शेती केली, मशीद बांधली आणि त्याच सम्राटाच्या फौजेत तिरंदाज म्हणून चाकरी केली. कागदोपत्री गावाचे नाव 'सॅरासनांचे लुचेरा' असे पडले. इ.स. १३०० च्या ऑगस्टमध्ये दुसरा चार्ल्स या राजाच्या हुकमाने ते गाव मोडले आणि माणसे गुलाम म्हणून विकली. त्यांची आपापली नावे असतील. कोणी हाजरा असेल, कोणी सारा असेल. विकत घेणाऱ्याला 'सॅरासन' एवढे पुरे होते.

इतिहासात असे काही वाचले की मी आधी तारखांकडे पाहते आणि मग आकड्यांकडे. या वेळी दोन्ही बाजूला ठेवले.

नंतर हळूहळू भीती ओसरली, तसा शब्द सैल झाला आणि जिथे तिथे चिकटू लागला. जे जुने, काळे, अनोळखी किंवा समजत नाही, ते सॅरासनचे. इंग्लंडात स्टोनहेंज नावाची साडेचार हजार वर्षांपूर्वीची प्रचंड दगडांची रचना आहे. त्या मोठ्या दगडांना 'सार्सन' म्हणतात, आणि बहुतेक जाणकारांच्या मते तो सॅरासनचाच अपभ्रंश आहे. शहाण्या माणसाने विचारावे, तिथे अरब कधी गेले होते? उत्तर भारतात उपवासाला ज्याच्या पुऱ्या करतात त्या कुट्टूला फ्रेंच लोक 'सारासँ' म्हणतात आणि इटालियन 'सॅरासन धान्य'. इटलीच्या किनाऱ्यावर सॅरासन बुरूज आहेत. ते बांधले सॅरासनांपासून बचाव करायला, पण नाव पडले त्यांचेच. इंग्लंडात जुन्या खानावळींच्या पाटीवर पगडी घातलेले सॅरासनचे डोके रंगवलेले असते. आणि इटलीतल्या आरेत्सो शहरात वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, 'सॅरासनची झुंज' होते. घोडेस्वार भाला घेऊन एका लाकडी पुतळ्याच्या ढालीवर वार करतात. त्या पुतळ्याचे नाव 'बुरात्तो, हिंदचा राजा'! म्हणजे मारायचा सॅरासन, आणि राजा हिंदचा. आपण कुठून कुठे पोहोचलो बघा.

रग्बीचा क्लबही याच सैल झालेल्या काळातला, १८७६ चा. तोवर सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने सलाहुद्दीन अय्युबीला दिलदार शूर वीर म्हणून इंग्रज घराघरांत नेऊन बसवले होते, आणि सॅरासन म्हणवून घेणे मर्दुमकीचे झाले होते. जवळच 'क्रुसेडर्स' नावाचा दुसरा क्लब होता, तो पुढे यांच्यातच मिसळला. दोनशे वर्षे तलवारी चालवून जे झाले नाही, ते लंडनच्या मैदानावर सहज झाले.

आता मुंबईकडे येते, कारण माझी या शब्दाशी पहिली गाठ तिथेच पडली. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, बोरीबंदरचे मोठे पोस्ट ऑफिस. या इमारतींच्या शैलीला 'इंडो-सारासेनिक' म्हणतात. विजापूर, अहमदाबाद, दिल्ली इथल्या मशिदी-मकबऱ्यांना इंग्रज अभ्यासकांनी 'इंडियन सारासेनिक' म्हटले होते. जेम्स फर्ग्युसनच्या १८७६ च्या ग्रंथात हे सापडते. त्यावरून नव्या सरकारी इमारतींना ते नाव मिळाले. पोस्ट ऑफिसचा घुमट पाहा आणि मग विजापूरचा गोल घुमट आठवा. पण आदिलशाहीत सॅरासन कोण होते? बादशहा स्वतःला तुर्की वंशाचे म्हणवत, दरबारात इराणी, हबशी, दख्खनी, मराठे, आणि दगड घडवणारे हात इथलेच. या सर्वांवर सिनाईच्या तंबूवाल्यांचे नाव! व्हीटीला उतरून रोज त्या घुमटाखालून जाणाऱ्या कोणालाही याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता.

याच काळात आपल्यातल्याच एका माणसाने हा शब्द उचलला. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी १८९९ मध्ये लंडनहून इंग्रजीत ग्रंथ काढला, त्याचे नाव 'सॅरासनांचा संक्षिप्त इतिहास'. पुढे १९०९ मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलचे न्यायाधीश झाले, त्या जागी बसलेले पहिले हिंदी. एवढ्या जाणत्या माणसाने हे परके नाव का घेतले असेल? मला वाटते, वकिली डोके. समोरच्याला जो शब्द कळतो त्याच शब्दात आपली बाजू मांडायची. इंग्रज वाचक सॅरासन म्हणून पुस्तक उघडेल आणि आत त्याला कॉर्डोव्ह्याची ग्रंथालये, बगदादचे दवाखाने भेटतील. त्यांचे चूक होते असे मी म्हणणार नाही. पण मला ते जमणार नाही. ज्या शब्दात हाजरावर ठपका ठेवला गेला, तो माझ्या जिभेवर आपला म्हणून बसत नाही.

हे सर्व एका दमात लेकीला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अम्मी, आपण काय कमी केलेय का?" आणि ती बरोबर बोलली.

संस्कृतात 'यवन' म्हणजे आयोनियाचे ग्रीक. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दान दिलेले खांब आहेत, त्यांवर तसे कोरलेले आहे. बौद्ध भिक्षूंसाठी खांब देणारे यवन! तोच शब्द हजारेक वर्षांनी मराठीत मुसलमानांना चिकटला. माझ्या धाकट्या भावाला शाळेच्या नाटकात दर वर्षी यवन सरदार करत. आई कापसाला काजळ लावून त्याची दाढी करून द्यायची. तो खूश असायचा, कारण सरदाराला तलवार मिळायची. आई मात्र दाढी चिकटवताना काही बोलत नसे. ते न बोलणे मला आता कळते.

आणि आपण? फ्रँक ही युरोपातली एक जमात, आजच्या फ्रान्सला त्यांचेच नाव आहे. अरबांनी त्यांच्यावरून सगळ्याच युरोपियनांना 'इफ्रंज' म्हटले, फारसीत त्याचे 'फरंगी' झाले, आणि मराठीत 'फिरंगी'. आपल्याकडे आलेले पोर्तुगीज फ्रँक नव्हते, तरी ते फिरंगी. त्यांच्याकडच्या पात्याची तलवार ती 'फिरंग'. त्यांच्याबरोबर आलेल्या एका वाईट रोगालाही जुन्या वैद्यांनी तेच नाव दिले. त्या पोर्तुगीजांनी आपल्याला 'मूर' म्हटले, उत्तर आफ्रिकेतल्या एका जुन्या जमातीचे नाव. इंग्रज तर अठराव्या शतकात आपल्या हिंदुस्थानी भाषेलाच 'मूर्स' म्हणत आणि त्या नावाने तिचे व्याकरण छापत. श्रीलंकेच्या जनगणनेत मुसलमानांसाठी 'मूर' हा शब्द आजही आहे. त्यांनी आपल्याला न विचारता नाव दिले, आपण त्यांना न विचारता दिले. फिट्टंफाट झाली, असे म्हणून गप्प बसावे, तर लुचेरा आठवते. फिरंगी म्हणून कोणाचे अख्खे गाव विकल्याचे माझ्या वाचनात नाही.

पाचव्या रविवारी नातू टोपी घालूनच बसला होता. मी त्याला बीबी हाजरा यांची गोष्ट सांगितली, रूमच्या बादशहाची सांगितली, चौलची सांगितली, दगडांची आणि कुट्टूची सांगितली. लुचेराची सांगितली नाही. तो बारा वर्षांचा झाला की सांगेन. म्हटले, "बेटा, सॅरासन म्हणजे आपण नाही. आपल्याला लांबून पाहणाऱ्यांनी ते ठेवले. तू मुस्लिम आहेस, नाव विचारले तर तुझे नाव सांग. टोपी आवडत असेल तर खुशाल घाल. क्लब चांगला खेळतो ना?"

"खूप चांगला," तो म्हणाला. मग बोलता बोलता मी फिरंगीची गोष्टही सांगून बसले. तो विचारात पडला. गेल्या मे महिन्यात तो गावी आला होता, तेव्हा मोहल्ल्यातली पोरे त्याला क्रिकेट खेळताना "ए फिरंगी, बॉल टाक" म्हणून हाक मारत. तो इंग्लंडात जन्मलेला, त्याला वाटायचे हे लाडाचे नाव आहे.

"नानी," तो टोपी काढून हातात घेत म्हणाला, "मग फिरंगी म्हणजे मी का?"

पुढच्या रविवारी सांगते, म्हटले आहे.